कंपोनंटच्या आत हात घालण्याबद्दल

कंपोनंट आपल्या पानावर असेल तर त्याच्या शॅडो डॉमच्या आत हवा तसा हात घालायचा हक्क आपलाच, हे माझं जुनं मत. ते मी मनात ठेवत नव्हते. नाशिकला डेव्हलपर मंडळी जमली की हिरिरीने मांडायचे, नव्या पोरांना तसंच शिकवायचे. आता उलटं सांगते. जुनं ऐकलेली माणसं विचारतात, "ताई, तुमचं नेमकं म्हणणं काय?" त्यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

वाचणारे सगळे माझ्या धंद्यातले नसतील, तर आधी थोडक्यात. वेबपानावर ब्राउझरच्या ओळखीचे घटक असतात: परिच्छेद, बटण, चित्र, यादी. त्याशिवाय स्वतःचा घटकही बनवता येतो. नावात एक जोडरेघ हवी, ही मुख्य अट. याला कस्टम एलिमेंट म्हणतात, रोजच्या बोलण्यात कंपोनंट. त्याच्या पोटात आणखी घटक असतात: लेबल, लिहायचा रकाना, खाली उघडणारी यादी, यादीतले पर्याय. हे पोट शॅडो डॉममध्ये ठेवलं की पानाचे स्टाइलचे नियम आत शिरत नाहीत आणि आतले बाहेर सांडत नाहीत. पानाने 'सगळी बटणं लाल' म्हटलं तरी आतलं बटण आपल्याच रंगात राहतं. ही झाली सोय. पण बाहेरच्या माणसाला आतलं काहीतरी बदलायचं असतंच, आणि पुष्कळदा त्याचं कारण खरं असतं.

माझं कारण होतं रफार.

मी मूळची मोखाड्याची, काम नाशिकला. तोरंगणचा घाट चढला की त्र्यंबक, तिथून पुढे नाशिक, म्हणजे गाव तसं लांब नाही. आमच्या भागात काम करणाऱ्या एका संस्थेला फोनवर भरायचा फॉर्म हवा होता. उन्हाळ्यात कुठल्या पाड्यावरची विहीर आटली, कुठे झिरा शिल्लक आहे, टँकर येतो का, एवढीच माहिती. कोचाळ्याच्या मध्य वैतरणा धरणातून 2014 पासून मुंबईला पाणी जातं आणि त्याच तालुक्यात मार्चनंतर बायका हंडे घेऊन दरी उतरतात, हे वेगळं सांगायला नको. फॉर्मसाठी मी एक तयार, परदेशी, चांगली चालणारी लायब्ररी घेतली. दिसायला देखणी, अंगठ्याने वापरायला सोपी.

पहिल्याच दिवशी फॉर्म भरणाऱ्या बाईंनी विचारलं, "हे सातुली कुठलं गाव?"

गाव सातुर्ली. या नावात 'त'खाली उकार आहे आणि 'ली'च्या वेलांटीच्या डोक्यावर रफार. लायब्ररीवाल्याने पर्यायाच्या ओळीची उंची अक्षराएवढीच बांधली होती आणि वर आलेला भाग कापायला सांगितलं होतं. इंग्रजी अक्षरांना तेवढं पुरतं. आमचा रफार मात्र सफाईने उडाला. सूर्यमाळचं सूयमाळ झालं. कुर्लोदचा 'र' गेला. धोंडमाऱ्याचीमेट तर रुंदीत मावेना, त्याच्या शेपटाला तीन टिंबं लागली. माणसं आपल्या गावाचं नाव पडद्यावर शोधतात आणि सापडत नाही म्हणून भलतंच निवडतात. ही दिखाव्याची तक्रार नव्हती, माहितीच चुकत होती.

शॅडो डॉममुळे बाहेरून ओळीची उंची वाढवता येईना. खरं म्हणजे ओळींमधलं अंतर, फॉन्ट, अक्षराचा रंग या गोष्टी वारशाने आत जातात, शॅडो डॉम त्यांना अडवत नाही. पानाची भाषा मराठी आहे ही खूणसुद्धा आत पोचते, आणि ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' वेगळे काढलेले असतात तिथे ते आतही बरोबर उमटतात. पण आतल्या माणसाने उंची स्वतःच ठरवून टाकली असेल तर वारसा तिथेच संपतो. आमच्याकडे नेमकं तेच झालं होतं.

मग मी केलं ते सगळेच करतात. शॅडो डॉम दोन प्रकारचा असतो, उघडा आणि बंद. उघडा असेल तर जावास्क्रिप्टच्या एका ओळीत आतलं झाड, म्हणजे आतल्या घटकांची सगळी उतरंड, हाती लागतं. मी आतला पर्याय त्याच्या क्लासच्या नावाने शोधला, उंची वाढवली, रफार परत आणला. वर हे तत्त्व म्हणून सांगू लागले: दार उघडं ठेवलंय ना, मग आत जायला परवानगी कसली मागायची? कंपोनंट माझ्या पानावर आहे, वापरणारी माणसं माझी आहेत, गावाचं नाव तुटलं तर बोलणी मला बसतात. मग आतली शेवटची रेघसुद्धा हलवायचा हक्क माझाच.

या मताला इतिहासाचाही आधार आहे असं मला वाटे. ॲलेक्स रसेलने 2011 साली फ्रॉन्टिअर्स परिषदेत वेब कंपोनंट्सची कल्पना मांडली. 2014 मध्ये क्रोममध्ये पहिला शॅडो डॉम आला तेव्हा त्यासोबत बाहेरून आत जाण्याचे दोन राजमार्गही होते. एक 'शॅडो' नावाचा सिलेक्टर, दुसरा दोन तिरक्या रेघांमधला 'डीप'. 'डीप' लिहिलं की कितीही थर असोत, नियम थेट तळाशी. मग हे दोन्ही मार्ग नकोसे ठरवले गेले आणि डिसेंबर 2017 च्या क्रोम 63 मध्ये स्टाइलच्या नियमांतून बंद झाले. मला तो उद्दामपणा वाटला होता. वापरणाऱ्याच्या हातातलं हत्यार काढून घेतलं, बदल्यात काही दिलं नाही. त्या दिवसांपुरती ही तक्रार मी आजही मागे घेत नाही. कारण 'डीप' गेला 2017 ला, आणि त्याच्या जागी आलेला 'पार्ट', ज्याबद्दल पुढे सांगते, तो क्रोममध्ये मार्च 2019 ला, फायरफॉक्समध्ये जानेवारी 2020 ला आणि सफारीत त्याच वर्षी मार्चमध्ये पोचला. मधली सव्वा ते सव्वादोन वर्षं लोकांनी खिडकीतून उड्या मारल्या, त्यात नवल नाही. मध्ये 'अप्लाय' नावाचा आणखी एक प्रस्ताव होता, नियमांचं गाठोडंच आत पाठवायचा. तो टॅब ॲटकिन्सने मांडला आणि त्यानेच सोडून दिला, का सोडला तेही लिहून ठेवलं.

मत बदललं ते यातलं काही वाचून नाही. मी स्वतः कंपोनंट लिहिला आणि तो दुसऱ्यांनी वापरायला घेतला, तेव्हा बदललं.

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांसाठी गाव आणि पाडा निवडण्याचा तो कंपोनंट. सरकारी यादीत महसुली गावं मिळतात. पाडे मात्र गावाच्या पोटात असतात, आणि एकेका गावाला इतके की बाहेरचा माणूस चक्रावतो. लोक पत्ता सांगतात तो पाड्याचा. विहीर असते ती पाड्यावर. म्हणून आधी गाव, मग त्यातला पाडा, वर शोधायला एक रकाना, असं सगळं एका कंपोनंटमध्ये बसवलं. शोधाचा रकाना हाही माझाच वेगळा कंपोनंट, म्हणजे पोटात पोट. अवघड जागी, रेंज येते-जाते अशा ठिकाणी तो नीट चालतो हे बघून आरोग्याचं, शाळेचं, रोजगार हमीचं काम करणाऱ्या आणखी काही जणांनी तो मागून घेतला. मी आनंदाने दिला. आणि ज्याने-त्याने तो आपापल्या पानावर बसवताना आत हात घातला. तेही माझ्याच शिकवणीप्रमाणे.

एकाला फक्त मोखाडा तालुका हवा होता. त्या वेळी यादीत आधी जव्हारची गावं होती, मग मोखाड्याची. त्याने बाहेरून आतल्या यादीत जाऊन वरचे तेवढे पर्याय मोजून लपवले. काम झालं. पुढे मी यादी अकारविल्हे लावली, कारण सगळ्यांची तीच मागणी होती. त्याच्या पानावर मात्र लपवायचा आकडा तोच राहिला. आडोशी, आसे, उधळे, ओसरविरा, कारेगाव अशी वरची गावं गडप झाली आणि तळाशी जव्हारमधली काही उगवली. काही मोडल्याचा संदेश नाही, पान लाल झालं नाही. बऱ्याच उशिरा कुणीतरी फोन करून विचारलं, "आसे गाव तालुक्यातून काढलं की काय?"

त्या माणसाला बोल लावायला मला जागाच नव्हती. त्याला तालुका गाळायची दुसरी वाट मी ठेवलीच नव्हती. मला खरा घोर लागला तो वेगळा: आणखी कोण, कुठे, आतल्या कशाला धरून बसलं आहे हे मला कळायला मार्ग नव्हता. कुणी क्लासचं नाव धरलं असेल, कुणी तिसरा पर्याय, कुणी रकान्याच्या बाहेरची चौकट. यादीची मांडणी बदलून ती जुन्या फोनवर हलकी करायची माझ्या मनात होतं. ते मी पुढे ढकलत राहिले. स्वतः लिहिलेल्या गोष्टीच्या पोटातली एक पट्टी हलवायला मी घाबरू लागले. ज्याला मी वापरणाऱ्याचा हक्क म्हणत होते, त्याने लिहिणाऱ्याला जागच्या जागी खिळवून ठेवलं होतं, आणि सुधारणा न झाल्याने तोटा शेवटी वापरणाऱ्याचाच होता. 'डीप' का काढला याचं उत्तर मला इथे मिळालं.

गावी ग्रामसभेच्या कामात असलेला एक मित्र आहे. त्याला हे सगळं सांगत होते. त्याला संगणकातलं फारसं घेणं-देणं नाही. ऐकून म्हणाला, "म्हणजे ताई, तुम्ही ग्रामसभेला न विचारता थेट पाड्यावर जाऊन कुणाच्या अंगणातली चूल हलवता." टोला बसला, कारण त्या बाबतीत माझं मत कधीच डळमळीत नव्हतं. जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पूर्ण अनुसूचित क्षेत्रात येतात, इथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे, आणि 2014 साली आलेल्या राज्याच्या नियमांनुसार एखादा पाडाही स्वतःला वेगळं गाव म्हणून जाहीर करून घेऊन आपली ग्रामसभा भरवू शकतो. बाहेरच्याने काय करायचं ते ग्रामसभेपुढे ठेवून करायचं, हे मी तावातावाने मांडत आले आहे. पाड्याच्या बाबतीत एक न्याय आणि पर्यायांच्या यादीच्या बाबतीत दुसरा, असं माझं चाललं होतं. तुलना याहून ताणत नाही. माणसांची वस्ती आणि पडद्यावरची यादी यांत फरक आहेच.

मग मी कंपोनंट उकलून पुन्हा लिहिला. बाहेरच्याला काय-काय लागतं याची आधी चौकशी केली. ही चौकशी मी पूर्वी कधी केली नव्हती, आणि निम्मं शहाणपण तिथेच आहे असं आता वाटतं. लोकांना लागत होतं ते फार नव्हतंच. तालुका गाळता यावा. लेबलचे शब्द बदलता यावेत, कारण कुणाला 'गाव निवडा' हवं, कुणाला 'रुग्णाचं गाव'. रंग आपल्या पानासारखा हवा. अक्षर मोठं करता यावं. निवड झाली की बाहेर कळावं.

तालुक्यासाठी साधा ॲट्रिब्यूट ठेवला: तालुका मोखाडा म्हटलं की आत काय लपवायचं ते कंपोनंटच बघतो. लेबलसाठी स्लॉट ठेवला, म्हणजे बाहेरचा मजकूर बाहेरचाच राहतो, नुसता आत मांडला जातो, आणि पानाचे नियम त्याला लागू होतात. रंग आणि मोकळ्या जागेसाठी कस्टम प्रॉपर्टी, कारण त्या वारशाने कितीही थर खाली उतरतात. निवडीसाठी इव्हेंट, आणि तो शॅडो डॉमची हद्द ओलांडून बाहेर जाईल अशी खूण त्यावर. ही खूण विसरली की इव्हेंट आतच विरतो आणि माणूस तासन् तास शोधत बसतो.

खरी गंमत पार्टची. आतल्या ज्या घटकाला बाहेरच्याने हात लावलेला चालेल त्याला लिहिणारा नाव देतो. बाहेरचा त्या नावाने त्याची स्टाइल हवी तशी बदलतो. मी चार नावं दिली: नाव, शोध, यादी, पर्याय. देवनागरीतच दिली, ब्राउझर मुकाट्याने घेतो. आता कुणीही म्हणू शकतं की 'पर्याय' या भागाच्या ओळीची उंची दीडपट कर, बोट ठेवलं की पिवळा कर. पण 'यादी'च्या आत शिरून तिसरं पोर उचलायचं म्हटलं तर पार्ट तिथे थांबतो. त्याच्यापुढे आतल्या घटकाचा सिलेक्टर चालतच नाही. मला ही मर्यादा पूर्वी अर्धवटपणा वाटायची. आज ती आहे म्हणून मी रात्री निवांत झोपते. यादी उद्या दुसऱ्या कशाने बांधली तरी 'पर्याय' हे नाव टिकवलं की बाहेरचं काही मोडत नाही.

पोटातल्या पोटाचं काय? शोधाचा रकाना हा आतला कंपोनंट, त्याच्या आत खरा लिहायचा चौकोन. पानाला तो चौकोन मोठा करायचा आहे. पार्ट एकाच थरापर्यंत पोचतो, दोन पार्ट एकापुढे एक लावता येत नाहीत. मधल्या कंपोनंटने 'एक्सपोर्टपार्ट्स' लिहून आतलं नाव वरच्या थराला द्यावं लागतं, हवं तर नाव बदलूनही देता येतं. थर दोन असतील तर ठीक. चार झाले की प्रत्येक थरावर तीच नावं पुढे ढकलत बसावं लागतं, आणि एक कडी राहिली तर नियम गुपचूप निष्फळ ठरतो. हे काम कंटाळवाणं आहे, यावर मी अजूनही कुरकुरते. स्लॉटमध्ये आलेल्या मजकुराला आतून स्टाइल द्यायची तर फक्त वरच्या थरातल्या घटकांना देता येते, त्यांच्या लेकरांना नाही. तेही सवयीने पचवलं आहे, पटलेलं नाही. आणि फॉन्ट आणायचा नियम शॅडो डॉमच्या आत लिहून भागत नाही, तो बाहेरच्या पानातच लिहावा लागतो. मराठी पान करणाऱ्याने हे आधीच माहीत करून घ्यावं.

मत बदललं म्हणजे मी दुसऱ्या टोकाला गेले असं नाही. बंद शॅडो डॉम मला आजही मान्य नाही. त्याने सुरक्षितता येते हा समज खोटा आहे. शॅडो डॉम तयार करणाऱ्या फंक्शनलाच आधी गाठून बदललं की बंद दार उघडतं, त्यामुळे बंदोबस्त काही होत नाही, फक्त तपासणी करणाऱ्याला त्रास होतो. उघडं ठेवावं आणि आत बघावं, शिकावं, बिघाड शोधावा. आतल्या मांडणीवर आपलं पान उभं करू नये, एवढंच. दुसरं, प्रत्येक कंपोनंटला शॅडो डॉम हवाच असं नाही. एकाच साइटवर आपणच लिहिणार, आपणच वापरणार असलो तर साध्या डॉममध्ये ठेवावं, पानाचे नियम खुशाल लागू द्यावेत. वस्तू दुसऱ्याच्या हाती जाणार असेल तेव्हा हद्द लागते.

आतलं आपल्याकडे ठेवून हवे ते भाग नावाने खुले करणं, हे ब्राउझरवाल्यांनीही केलं आहे. व्हिडिओची बटणं, तारखेचा रकाना, खाली उघडणारा सिलेक्ट यांच्या पोटात ब्राउझरचा स्वतःचा शॅडो डॉम असतो, तिथे बाहेरच्याला वर्षानुवर्षं फारसा शिरकाव नव्हता. सिलेक्टच्या नावाने तर माझ्या पिढीच्या प्रत्येक डेव्हलपरने बोटं मोडली आहेत. एप्रिल 2025 च्या क्रोम 135 मध्ये त्या सिलेक्टला अखेर मोकळीक मिळाली: उघडणारी यादी, बाण, निवडीची टिक, यांना नावं मिळाली आणि त्या नावांनी स्टाइल देता येऊ लागली. आतलं झाड मात्र अजूनही त्यांचंच.

सातुर्लीच्या फॉर्मचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या लायब्ररीच्या एका किरकोळ अपडेटने आतल्या क्लासचं नाव बदललं आणि रफार पुन्हा उडाला. या वेळी मी आत गेले नाही. त्यांना चित्र पाठवलं: डावीकडे कापलेलं नाव, उजवीकडे पूर्ण. सोबत लिहिलं की या घटकाला पार्टचं नाव द्या, उंचीचं आम्ही बघतो. पुढच्या आवृत्तीत ते नाव आलं. प्रत्येक वेळी असं होत नाही. दुसऱ्या एका लायब्ररीकडे पाठवलेली अशीच विनंती तशीच पडून आहे, तिथे मी कंपोनंट बदलून टाकला.

तेव्हा मराठीसाठी कंपोनंट लिहिणाऱ्या आणि वापरणाऱ्या सगळ्यांना एक विनंती. तुमच्या लेबलमध्ये आणि यादीत एकदा सातुर्ली, मोऱ्हांडा आणि धोंडमाऱ्याचीमेट टाकून बघा. नाव कापलं गेलं तर लिहिणाऱ्याने उंची मोकळी सोडावी किंवा त्या भागाला पार्टचं नाव द्यावं, आणि वापरणाऱ्याने आत हात घालण्याआधी ते नाव मागावं.